गोऱ्हे गेले कुठे?

इ. स. १३५६ मध्ये नारायणपंडिताने 'गणितकौमुदी' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात एक गाय आहे. ती दरवर्षी एक कालवड देते. ती कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी एक कालवड देऊ लागते, तिच्या लेकी-नातीही तसेच करतात. तर वीस वर्षांनी एका गायीचा परिवार किती होईल, असा पंडिताचा प्रश्न. उत्तर येते २७४५, मूळ गाय धरून. युरोपात फिबोनाचीने १२०२ साली सशांच्या जोड्या मोजल्या म्हणून त्याचे नाव शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचले. आमच्या नारायणपंडिताची गाय मात्र दाव्यालाच बांधलेली राहिली. असो, तो वेगळा विषय.

गणित म्हणून हा प्रश्न सुंदर आहे, पण त्यात तीन गोष्टी गृहीत आहेत. एकही गाय मरत नाही. एकही गाय भाकड होत नाही. आणि एकही गोऱ्हा जन्मत नाही. नारायणपंडिताला हे गृहीत धरण्याचा पूर्ण अधिकार होता, कारण तो बुद्धीला व्यायाम देत होता, कायदा करत नव्हता. आमच्या विधिमंडळांनी मात्र गेल्या तीस वर्षांत गोवंशाविषयी जे कायदे केले, त्यांचा हिशेब याच तीन गृहीतांवर उभा आहे. त्यांचा व्यायाम होतो तो शेतकऱ्याच्या पाठीला.

सुरुवातीलाच स्पष्ट करतो, म्हणजे पुढे पत्र पाठवणाऱ्यांचे श्रम वाचतील. गाय पवित्र की उपयुक्त, या वादात मला पडायचे नाही. तो वाद सावरकरांनी त्यांच्या काळी रोखठोक घालून ठेवला आहे आणि ज्याला हवा त्याने तो वाचावा. ज्याच्या घरी गाय पूजनीय आहे त्याच्या श्रद्धेला माझा नमस्कार. माझ्याही घरी पोळ्याला मातीचे बैल मांडतात. माझे भांडण श्रद्धेशी नाही, हिशेब न करता बोलणाऱ्यांशी आहे. असे लोक दोन्ही बाजूंना सारख्याच संख्येने आहेत.

डिंडोलीत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना, पांडेसरा या सुरतेच्या वस्त्यांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून तापी लाईनने आलेली आपली हजारो कुटुंबे आहेत. बहुतेकांच्या गावी अजून एखादा भाऊ, एखादा काका दोन-चार एकर कसतो आहे. त्याच्या गोठ्याचा हिशेब सुरतेच्या पगारातून पुरा होतो. आणि इथे घराबाहेर पाऊल टाकले की रस्त्याच्या दुभाजकावर रवंथ करत बसलेली जनावरे दिसतात. गावचा गोठा रिकामा होतो आणि शहरचा रस्ता भरतो, ही एकाच गणिताची दोन टोके आहेत.

ते गणित आता मांडू. दहावीचा मुलगा सोडवील इतके सोपे आहे. आकडे मी 'समजा' म्हणून घेतो. आपापल्या भागाप्रमाणे वाचकांनी ते बदलून पाहावेत.

समजा एका गावात वयात आलेल्या शंभर गायी आहेत. दोन वेतांत वीस महिन्यांचे अंतर धरले तर वर्षाला साठ वासरे होतील, तीस कालवडी आणि तीस गोऱ्हे. पहिल्या वर्षी पाचातले एक दगावते असे धरू; उरले चोवीस आणि चोवीस. चौथ्या वर्षी कालवड विते, तोवर आणखी काही जातात. अठरा गायी होऊन कळपात येतात. गाय साधारण आठ वर्षे वेत देते असे धरले, तर शंभरातल्या बारा-एक दरवर्षी कळपाबाहेर पडतील, दोन मरून आणि दहा भाकड होऊन. अठरा आत, बारा बाहेर. यंदा येणाऱ्या अठरा कालवडी चार वर्षांपूर्वीच्या लहान कळपाच्या पोटच्या असतात, म्हणून वाढ वर्षाला सहा टक्के न होता चार टक्क्यांच्या आसपास राहते. तरीही अठरा-वीस वर्षांत शंभराच्या दोनशे. गावाचे गायरान मात्र या काळात दुप्पट होत नाही. उलट ते कोणाच्या ना कोणाच्या घशात जाते, हे सांगायला गणित नको.

आता ज्यांना कोणी मोजत नाही त्यांच्याकडे वळू. दरवर्षी दहा गायी भाकड होतात. कोणी कापायच्या नाहीत, कोणी विकायच्या नाहीत, आणि त्या सरासरी चार वर्षे जगतात असे धरले, तर गावात कायम चाळीस भाकड गायी उभ्या. गोऱ्ह्यांपैकी वीस खोंड होऊन तीन वर्षांचे होतात. ते आणखी सरासरी आठ वर्षे जगले तर गावात एकशे साठ नर. म्हणजे शंभर गायींच्या मागे दोनशे तोंडे अशी, की ज्यांतले एकही दूध देत नाही. त्या शंभरातल्याही सगळ्या एकाच वेळी दुभत्या नसतात, हे आणखी वेगळेच. नांगराला, बैलगाडीला, मोटेला बैल लागत होता तोवर या एकशे साठांना काम होते. मोट गेली, गाडी गेली, नांगर ट्रॅक्टरने उचलला. एकशे साठ राहिले.

राहिले का, हाच प्रश्न आहे. कारण प्रत्यक्षात गावात ते दिसत नाहीत.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात गायी-बैल मिळून सुमारे १९ कोटी २५ लाख जनावरे भरली. त्यांत माद्या सुमारे १४ कोटी ५१ लाख, नर सुमारे ४ कोटी ७४ लाख. २०१२ च्या तुलनेत माद्या १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर ३० टक्क्यांनी घटले. निसर्ग नर आणि मादी जवळपास सारखेच जन्माला घालतो. फक्त कालवडीच व्हाव्यात म्हणून वेगळे काढलेले वीर्य तेव्हा गावोगाव पोहोचले नव्हते. मग ही पावणेदहा कोटींची तफावत आली कुठून? गायीला माणूस जास्त वर्षे जगवतो, म्हणून थोडा फरक पडणारच, हे मान्य. काही राज्यांत बैल कापायला कायद्याने मुभा होती, तेही मान्य. हे सगळे वजा करूनही जो खड्डा राहतो तो गोऱ्ह्यांचा आहे. कोणी रात्रीच्या ट्रकमध्ये गेले, कोणी दुसऱ्या गावच्या शिवारात सोडले गेले, आणि बरेचसे आईच्या दुधापासून तोडून, आखूड दाव्याला बांधून, उपाशी ठेवून पहिल्या वर्षातच संपवले गेले. यातल्या शेवटच्या प्रकाराला कोणत्याही कायद्यात शिक्षा होताना मी पाहिली नाही. त्याला आपण 'दगावले' म्हणतो.

ही माझी कल्पना नव्हे. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी केरळात त्रिवेंद्रमच्या बाजूच्या शेतकऱ्यांविषयी लिहून ठेवले आहे. तिथे गोऱ्ह्यांचे मृत्युमान कालवडींच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि विचारले तर प्रत्येक शेतकरी सांगे की आम्ही वासरू कधी मारत नाही. उत्तर भारतात, जिथे बैलावाचून शेतीच नव्हती, तिथे उलट होते: नर जास्त, गायी कमी. म्हणजे जिथे दूध हवे तिथे गोऱ्हे कमी होतात आणि जिथे नांगर चालवायचा तिथे गायी कमी होतात. कोणी ठराव करत नाही, कोणी सुरी उचलत नाही. वैरण कोणापुढे टाकायची एवढेच ठरते आणि बाकीचे काम भूक करते.

या विषयावर ज्या मराठी माणसाने सर्वांत कडक हिशेब मांडला त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नाही, याचे मला शिक्षक म्हणून दुःख आहे. वि. म. दांडेकर. पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ. नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी देशातील दारिद्र्याचा जो अभ्यास केला तो १९७१ साली प्रसिद्ध झाला. आणि प्रादेशिक अनुशेषाची दांडेकर समिती तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक राजकारण्याच्या तोंडी असते. याच दांडेकरांनी १९६४ साली गुरांच्या संख्येचा प्रश्न मांडला. १९६९ मध्ये के. एन. राज आणि हॅरिस यांच्याशी इंग्रजी साप्ताहिकाच्या पानांवर वाद घातला, त्यातल्या एका लेखाचे नावच मुळी 'काऊ डंग मॉडेल्स' होते. फोर्ड फाउंडेशनच्या १९५९ च्या अहवालाने देशातली एक तृतीयांश ते निम्मी जनावरे वैरणीच्या मानाने जास्त आहेत असे म्हटले होते. हॅरिस यांचे म्हणणे उलट, की ही जनावरे फालतू नाहीत, शेण, ओढ आणि दूध मिळून त्यांचे पोट भागते. दांडेकर चिडले ते इथे. जे चालले आहे ते शहाणपणाचेच असणार, असे आधी ठरवून मग त्याला शास्त्राची झूल घालणे त्यांना मान्य नव्हते. जनावर कळपातून काढण्याची वाट बंद केली की संख्या उपासमारीने आवरली जाते, आणि उपाशी कळपातून चांगली जात निपजत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो आजवर कोणी खोडलेला मला दिसला नाही.

या मुद्द्याचा पडताळा आमच्याच गणितात मिळतो. वर वेतांतले अंतर वीस महिने धरले होते. ते तीस महिने करा. वर्षाला साठाऐवजी चाळीस वासरे, वीस कालवडी, वर्षाने सोळा, चौथ्या वर्षी बारा. बारा आत, बारा बाहेर; कळप स्थिर! जुन्या गावात गायी उशिरा गाभण राहत, त्या संयमाने नव्हे. खायला नव्हते म्हणून त्या माजावर येत नसत. ज्या समतोलाचे गोडवे गायले जातात तो बरगड्या दिसणाऱ्या गायीचा समतोल होता.

आता कायद्याकडे येऊ. महाराष्ट्रात १९७६ चा प्राणिसंरक्षण कायदा होता. त्यात गायीची कत्तल बंद होती, बैलाला दाखल्यावर मुभा होती. बैल आणि वळू बंदीत आणणारी दुरुस्ती १९९५ साली झाली, राष्ट्रपतींची संमती तिला २०१५ मध्ये मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बंदी कायम ठेवली, बाहेरच्या राज्यातून आणलेले मांस जवळ बाळगण्याविषयीची कलमे तेवढी रद्द केली. गुजरातेत १९९४ ची दुरुस्ती १९९८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने फेटाळली आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक मताने उचलून धरली. म्हातारा बैलही शेणमूत देतो, म्हणून तो निरुपयोगी नाही, हा युक्तिवाद न्यायालयाने मानला. २०१७ मध्ये तर गुजरातने शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली.

न्यायालयाचा मान राखून विचारतो: शेण देतो हे खरे, पण खातो किती? बैल शेण हवेतून काढत नाही, कडब्यातून काढतो. तो कडबा विकत घेणारा शेतकरी आहे. पूर्वी म्हातारी जोडी बाजारात नेली की नव्या जोडीच्या किमतीचा काही भाग तिथेच सुटत असे. तो भाग गेला. एका पालकांनी मला विचारले, "सर, जुना बैल कोणी लेत नाही, तर नवा कुठून लेवू?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. माझ्याजवळ ती असूनही मला उत्तर देता आले नाही. शेतकऱ्याने उत्तर शोधले आहे: बैल घ्यायचाच नाही. गाय घ्यायची असेल तर गोऱ्हा जगवायचा नाही. जमल्यास म्हैस घ्यायची. गुजरातेत २०१९ साली म्हशींची संख्या गायी-बैलांहून जास्त भरली, ती काही लोकांची गोभक्ती कमी झाली म्हणून नव्हे.

महाराष्ट्रात २०१२ साली गायी-बैल मिळून सुमारे १ कोटी ५५ लाख होते. २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख. सात वर्षांत दहा टक्के घट, आणि बंदी मधोमध. सगळा दोष बंदीवर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. मध्ये दुष्काळ होते, ट्रॅक्टर होता. पण गोवंश वाढावा म्हणून कायदा केला आणि गोवंश घटला, एवढे तरी मान्य करावे. त्याच काळात, जिथे अशी सरसकट बंदी नव्हती त्या पश्चिम बंगालात गायी-बैल पंधरा टक्क्यांनी वाढले.

बेळगाव-कारवारकडच्या वाचकांनी याची दुसरी बाजू पाहिली आहे. कर्नाटकाने २०२०-२१ मध्ये कडक कायदा केला आणि काही आठवड्यांतच गोव्यात मांसाची टंचाई झाली, कारण गोव्याला पुरवठा सीमेपलीकडून होत होता. राज्याच्या सीमेवर गाव असले की कायदा रस्त्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा; कळपाला मात्र नकाशा वाचता येत नाही.

बंदी उठवा म्हणजे सगळे सुरळीत होईल, असे म्हणणाऱ्या मित्रांनाही दोन शब्द. मांसासाठी कळप पाळणारे देश पाहा. अमेरिकेत भाव चढला की पशुपालक कालवडी कापायला न देता राखून ठेवतो. त्यामुळे मांस आणखी कमी येते, भाव आणखी चढतो. तीन-चार वर्षांनी त्या कालवडींची वासरे बाजारात येतात आणि भाव कोसळतो. मग तो घाबरून गायीही विकतो. हे चक्र साधारण दहा वर्षांचे, आणि जगभरचे अभ्यासक ते कोष्टकांत मांडत बसतात. वयाच्या गटागटाने संख्या पुढे नेण्याची पॅट्रिक लेस्ली यांची रीत १९४५ पासून आहे. एवढे शास्त्र हाताशी असून २०२४ च्या आरंभी त्यांचा कळप १९५१ नंतरचा सर्वांत लहान, ८ कोटी ७२ लाखांचा होता. बाजारही उपाशी आणि अधाशी असा दोन्ही असतो. शिवाय आमच्याकडे गाय दुधासाठी आहे, मांस हे तिचे शेवटचे टोक. केवळ कसाईखाना उघडल्याने गायरान परत येणार नाही.

आणि तिसरे, नव्या शास्त्रावर विसंबणारे. सरकारने २०१४ मध्ये राष्ट्रीय गोकुळ मिशन काढले. त्यात पुढे लिंगवर्गीकृत वीर्याचे रेतन आले. दहातल्या नऊ कालवडी होतात असे सांगतात. गोऱ्ह्याचा प्रश्न जन्माआधीच मिटला, म्हणून सगळे खूश. कोणी पुढचे गणित केले का? साठ वासरांत चोपन्न कालवडी. चौथ्या वर्षी अठराऐवजी बत्तीस गायी कळपात येतील. बाहेर जाणाऱ्या त्याच बारा. कळप दहा-अकरा टक्क्यांनी वाढेल आणि वीस वर्षांऐवजी साधारण सात वर्षांत दुप्पट होईल. मग त्याच प्रमाणात भाकड गायी. गोऱ्हा गेला, त्याच्या जागी आजी आली. नारायणपंडिताने १३५६ मध्ये गोऱ्हे वगळून जे गणित घातले ते आता सरकारी अनुदानावर खरे होऊ पाहते आहे! रेतन वाईट नाही. वेतांची संख्या त्याबरोबर कमी केली तर ते वरदानच आहे. पण वेत कमी करा असे दूधवाल्याला कोण सांगणार?

पैशाचा हिशेब तर कोणी करतच नाही. महाराष्ट्राने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायीसाठी दिवसाला ५० रुपये ठरवले. वर्षाचे झाले १८,२५०. आमच्या गावातल्या दोनशे तोंडांना हाच दर लावला तर वर्षाला साडेछत्तीस लाख रुपये, एका गावाचे! त्यांत एकशे साठ नर, आणि अनुदान गायीचे. गुजरातने २०२२ च्या अंदाजपत्रकात पाचशे कोटींची गोमाता पोषण योजना जाहीर केली. दिवसाला ३० रुपयांचे ते अनुदान वेळेवर हाती पडेना, तेव्हा त्याच सप्टेंबरात उत्तर गुजरातच्या पांजरपोळांनी आपली जनावरे रस्त्यावर सोडली. याच वर्षी शहरांतील गुरांना आवर घालणारे विधेयक विधानसभेने मंजूर केले, मालधारी समाजाने विरोध केला, राज्यपालांनी ते परत पाठवले आणि २१ सप्टेंबरला ते एकमताने मागे घेतले गेले. कापायचे नाही, पोसायला पैसे नाहीत, रस्त्यावर ठेवायचे नाही, रस्त्यावरून हटवायचेही नाही. या चार वाक्यांत उभे राहायला जनावराला एक वीत जागा उरत नाही.

पूल बांधायचा तर आधी त्यावरून किती वजन जाईल याचा हिशेब मांडावा लागतो. कळपाविषयी कायदा करणाऱ्या सभागृहापुढे पाच, दहा, पंधरा वर्षांचे कोष्टक का ठेवले जात नाही? किती जनावरे कोणत्या वयाची होतील, किती भाकड, किती नर, कडबा किती टन आणि पैसा कोणाचा? ज्यांना बंदी हवी त्यांनी हे कोष्टक दाखवून बंदी घालावी आणि त्यातला शेवटचा रकाना आपल्या अंदाजपत्रकात भरावा. ज्यांना बंदी नको त्यांनीही तेच कोष्टक दाखवावे. यात कोणाच्या देवाला धक्का लागत नाही.

एकविसाव्या पशुगणनेचे काम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. तिच्यात वयाप्रमाणे आणि नर-मादीप्रमाणे वेगळे रकाने असतात. एकूण बेरजेकडे पाहू नका, ती फसवते. आपल्या गावचे, तालुक्याचे आकडे हाती आले की लहान वयाच्या कालवडी किती आणि त्याच वयाचे गोऱ्हे किती एवढेच पाहा, आणि वजाबाकी करा. रेतनाने झालेल्या कालवडींचा आकडा पशुवैद्यकीय दवाखान्यात मिळतो. तो आधी बाजूला काढा. जे उरेल तेवढे गोऱ्हे आपल्याच शिवारात जन्मले होते. सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामसभेत तो आकडा वाचून दाखवा आणि ते कुठे गेले असे विचारा.